खिशातले पिस्तूल आणि एकटा माणूस

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचे पत्र आले. तो बरीच वर्षे अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरात राहतो. तेथील एका साखळी-दुकानात तो औषधे देण्याचे काम करतो. दुकान रात्री बारापर्यंत उघडे असते आणि आठ वाजून गेले की दुकानात दोनच माणसे उरतात : गल्ल्यावर एक कॉलेजात शिकणारी मुलगी आणि मागच्या काउंटरवर हा. हिवाळ्यातल्या एका रात्री दोघे जण आत शिरले. एकाच्या हातात पिस्तूल होते. त्यांनी गुंगीच्या गोळ्यांच्या बाटल्या मागितल्या, याने मुकाट्याने दिल्या आणि ते निघून गेले. कुणाला खरचटलेदेखील नाही. पण तेव्हापासून भाच्याला झोप लागत नाही.

आता त्याला एक लहानसे पिस्तूल घ्यायचे आहे, विजारीच्या खिशात मावणारे. कायमच्या वास्तव्याचा परवाना असल्यामुळे त्याला ते कायद्याने घेता येते. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरील ज्या माणसाला बंदूक बाळगण्यास कायद्याने मनाई नाही, त्याला पिस्तूल जवळ घेऊन फिरण्यासाठी वेगळा परवानाही लागत नाही. त्याने चार नमुने निवडले आहेत. प्रत्येकाचे वजन, लांबी, गोळ्यांची संख्या आणि किंमत मला कळवली आहे. शेवटी लिहिले आहे, "मामा, तुम्ही जन्मभर अहिंसेच्या गोष्टी सांगितल्यात. यातले कोणते घेऊ असे तुम्हाला विचारणे चमत्कारिक आहे, हे मला कळते. पण घेऊ की नको, एवढे तरी सांगा."

हे पत्र मी जवळच्या कार्यकर्त्यांना वाचून दाखवले तेव्हा एक-दोघांना हसू आले. अमेरिका, बंदुका, कामातून गेलेला समाज! मला मात्र हसता आले नाही. साताऱ्यात बसून ह्यूस्टनमधील माणसाला धैर्याचा उपदेश करणे फार सोपे आहे. भेकडपणा आणि हिंसा यांपैकीच एक निवडायचे असेल तर आपण हिंसेचा सल्ला देऊ, असे गांधीजींनीच १९२० साली लिहून ठेवले आहे. भ्यालेल्या माणसाची भीती खरी असते. तिचा मान राखूनच पुढचा विचार करावा लागतो. म्हणून मी त्याचा प्रश्न त्याने विचारला तसाच घेतला आणि खिशातल्या पिस्तुलाची जेवढी माहिती मिळाली तेवढी मिळवली.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, हे हत्यार म्हणजे सगळी तडजोडच आहे. पिस्तूल जितके लहान तितके ते लपवायला सोपे आणि चालवायला अवघड. २००८ साली रुगर कंपनीने 'एलसीपी' नावाचे पिस्तूल बाजारात आणले. त्याचे रिकामे वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, नळी सुमारे सात सेंटिमीटर. हे खिशात घातले तर ओझे जाणवत नाही. पण नळी आखूड म्हणून नेम धरायला जागा नाही. मूठ लहान म्हणून पकडीत सगळी बोटे मावत नाहीत. आणि वजन कमी म्हणून प्रत्येक गोळीचा झटका हाताला सोसावा लागतो. परिणाम असा होतो की, हे पिस्तूल बाळगणारा माणूस त्याचा सराव टाळू लागतो. म्हणजे ज्या हत्याराला सर्वांत अधिक सराव हवा, त्याचाच सराव सर्वांत कमी होतो. सिग सौअर कंपनीने २०१८ साली आणलेल्या 'पी ३६५' मध्ये दहा गोळ्यांची पेटी बसते आणि हातात ते अधिक नीट राहते. पण त्याचे वजन अर्धा किलो भरते आणि मग खिसा लोंबू लागतो. पाच गोळ्यांचे आखूड रिव्हॉल्व्हर साधे आणि भरवशाचे. पण त्याचा घोडा ओढायला जोर लागतो आणि गोल चक्रीमुळे खिशाला फुगवटा येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पिस्तूल खिशात नुसते टाकून चालत नाही. घोडा पूर्ण झाकणारे म्यान त्या खिशात हवे. त्या खिशात किल्ल्या नकोत, सुटे पैसे नकोत, रुमालही नको. कापडाचा कोंडा यंत्रात जातो म्हणून ते वरचेवर साफ करायला हवे. घरी आल्यावर ते कुलपात ठेवायला हवे, कारण घरात सहा आणि नऊ वर्षांची मुले आहेत. आणि कुलपात ठेवलेले पिस्तूल मध्यरात्री दार वाजले तर उपयोगी कसे पडायचे, हा प्रश्न उरतोच. शिवाय भाच्याच्या मालकाने कामावर शस्त्र आणण्यास मनाई केली आहे. म्हणजे एक तर त्याने ते चोरून आणावे, नाही तर मोटारीत ठेवून कामावर जावे. मोटारींतून चोरीला गेलेली पिस्तुले तिकडे गुन्हेगारांच्या हातात जातात, हे तेथील पोलीसच सांगतात. या हिशेबाने माझ्या भाच्याने स्वरक्षणासाठी घेतलेले पिस्तूल उद्या दुसऱ्या एखाद्या औषधविक्रेत्यावर रोखले जाणे मुळीच अशक्य नाही.

आणि त्या रात्री ते त्याच्या खिशात असते तर? समोरच्याचे पिस्तूल आधीच बाहेर निघालेले होते. पांढऱ्या झग्याखालून विजारीच्या खिशात हात घालायचा, म्यानातून पिस्तूल काढायचे आणि मधल्या गल्ल्यावर उभ्या असलेल्या मुलीला चुकवून नेम धरायचा. मला वाटते, त्या रात्री तो आणि ती मुलगी वाचली याचे एक कारण त्याच्या खिशात काही नव्हते हेही असेल. पिस्तुलाने कुणाचा जीव कधीच वाचत नाही, असे मी म्हणणार नाही. अशी उदाहरणे घडतात आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण एखाद्या साधनाने कधी तरी कुणाचा जीव वाचणे निराळे आणि त्या साधनावर समाजाच्या सुरक्षिततेची व्यवस्था उभारणे निराळे.

अमेरिकेत ही व्यवस्था पहिल्यापासून अशीच होती, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. शस्त्र लपवून बाळगण्यास बंदी करणारे तेथील पहिले कायदे १८१३ सालचे, केंटकी आणि लुइझियाना या राज्यांचे. उघडपणे बंदूक घेऊन चालणारा माणूस सरळ, आणि खिशात लपवणारा दगाबाज, अशी त्या काळची समजूत होती. अध्यक्ष लिंकन यांच्यावर १८६५ साली नाट्यगृहात मागून गोळी झाडली गेली ती तळहातावर मावणाऱ्या, एकाच गोळीच्या डेरिंजर पिस्तुलातून. त्यानंतर जॉन ब्राउनिंग या कारागिराने स्वयंचलित पिस्तूल इतके लहान आणि चपटे केले की विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते वेस्टकोटाच्या खिशात बसू लागले. १९१४ साली सारायेव्होत ज्या पिस्तुलाने महायुद्धाला निमित्त दिले तेही त्याच्याच आराखड्याचे होते. १९११ साली न्यूयॉर्क राज्याने सलिव्हन कायदा करून पिस्तुलाला परवाना आवश्यक केला. तो कायदाही निष्पाप नव्हता; त्याचा बडगा प्रथम इटलीहून आलेल्या गरीब निर्वासितांवर उगारला गेला. तरीही सार्वजनिक जागी पिस्तूल लपवून नेणे हा हक्क नव्हे, ती अपवादाची बाब आहे, हे तत्त्व शंभराहून अधिक वर्षे मानले जात होते.

हे तत्त्व सुटले कसे, याचा इतिहास आपण पाहिला पाहिजे, कारण त्यात बाजाराचा हात स्पष्ट दिसतो. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ साली अमेरिकेने केंद्रीय बंदूक कायदा केला. खेळ किंवा शिकार यांच्या उपयोगाच्या नसलेल्या लहान, स्वस्त पिस्तुलांची आयात त्याने बंद केली. पण देशात ती बनवण्यास बंदी घातली नाही. साहजिकच परदेशी मालाची मोकळी झालेली जागा देशी कारखानदारांनी भरून काढली. लॉस एंजेलिसच्या परिसरात जस्ताच्या मिश्रधातूची स्वस्त पिस्तुले ओतणारे कारखाने १९७० नंतर उभे राहिले आणि त्यांनी गरीब वस्त्या या पिस्तुलांनी भरून टाकल्या. आयातबंदी पिस्तुलाला होती, सुट्या भागांना नव्हती. म्हणून जर्मनीतून भाग आणून मायामीत जोडलेल्या लहानशा रिव्हॉल्व्हरने १९८१ साली खुद्द अध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला. कायद्याने एक दार बंद करायचे आणि नफ्याने शेजारची खिडकी उघडायची, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही.

पुढे १९८७ साली फ्लॉरिडा राज्याने कायदा केला की, ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या माणसाला लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना नाकारता येणार नाही. एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत तोही परवाना लागत नाही. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या जुन्या कायद्यातील 'सबळ कारण दाखवा' ही अट घटनाबाह्य ठरवली. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने दहाहून अधिक गोळ्यांच्या नव्या पेट्यांवर बंदी आणली तेव्हा कारखानदारांनी असा विचार केला की, दहाच गोळ्या द्यायच्या तर पिस्तूल मोठे कशाला हवे? त्यांनी लहान पिस्तुलांचे नवे नमुने काढले. २००४ साली ती बंदी संपली, नमुने राहिले. शिकार करणारे कमी होत होते. पण भ्यालेली माणसे वाढवता येत होती. भीती हेच ज्या मालाचे गिऱ्हाईक, त्या मालाच्या धंद्याला शांततेचा हंगाम कसा परवडेल?

या मालाला मिळणारे संरक्षणही पाहण्यासारखे आहे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेत १९७२ पासून एक सरकारी आयोग आहे. तो लहान मुलांची खेळणी तपासतो, भाकरी भाजण्याची यंत्रे तपासतो. बंदुका मात्र त्याच्या अधिकाराबाहेर ठेवल्या आहेत. वर उल्लेखिलेले रुगरचे पिस्तूल खाली पडल्यास गोळी सुटण्याचा धोका दिसल्याने कंपनीने २००८ सालीच आपला माल परत मागवला. ते तिने स्वतःहून केले म्हणून झाले. २००५ साली काँग्रेसने आणखी एक कायदा करून, गुन्ह्यांत वापरल्या गेलेल्या बंदुकांबद्दल उत्पादकांवर आणि विक्रेत्यांवर होणाऱ्या बहुतेक दाव्यांपासून त्यांना अभय दिले. माल विकण्याचे स्वातंत्र्य संपूर्ण आणि मालाच्या परिणामांची जबाबदारी जवळजवळ शून्य : भांडवलशाहीचे याहून शुद्ध उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता परिणामांकडे वळू. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसे मेली. त्यांतील सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या आणि सुमारे १७,९०० खून. हे प्रमाण कार्यकर्त्यांनी लक्षपूर्वक पाहावे. बंदुकीने मरणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक माणसे स्वतःच्याच हाताने मरतात. कॅलिफोर्नियातील दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांची नोंद तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचे बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या जवळजवळ आठपट आहे. स्त्रियांत ते पस्तीसपट आहे. खिशातले पिस्तूल दरोडेखोराच्या जवळ क्वचित असते. ज्याचा खिसा, त्याच्याजवळ ते चोवीस तास असते. झोप न लागणाऱ्या माणसाच्या जवळही ते असते. माझ्या भाच्याने पाठवलेल्या तक्त्यात वजन होते, लांबी होती, किंमत होती. हा रकाना नव्हता.

लपवून बाळगलेल्या शस्त्रांमुळे गुन्हे घटतात, असा सिद्धांत जॉन लॉट या अर्थशास्त्रज्ञाने १९९०-९९ च्या दशकात मांडला आणि तो फार गाजला. २००४ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने पुरावे तपासून सांगितले की, उपलब्ध पुराव्यांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. २०१९ साली जॉन डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की, अशा कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, कायदा नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा, तेरा ते पंधरा टक्क्यांनी अधिक झालेले दिसतात. वाद अजून चालू आहे, आणि तो अभ्यासकांनी जरूर चालवावा. परंतु ज्या औषधाने रोग बरा होतो हे चाळीस वर्षांत सिद्ध झाले नाही, ते औषध घरोघर वाटत राहणे याला वैद्यक म्हणत नाहीत, व्यापार म्हणतात.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. ज्यांच्या वस्तीत पोलीस येत नाहीत, किंवा पोलीस येतात तेच गोळी घालायला, त्यांनी काय करावे? १९६४ साली लुइझियानातील जोन्सबरो गावी काळ्या कामगारांनी संरक्षक दल उभारले आणि कू क्लक्स क्लॅनपासून नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना बंदुका घेऊन राखले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. खुद्द किंग यांनी १९५६ साली माँटगमरीत पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला होता. ३० जानेवारीला त्यांच्या घरावर बाँब पडला होता. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यांना परवाना नाकारण्यात आला. अटी समान, हक्क समान, पण कातडीचा रंग निराळा. १९६७ साली ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन फिरू लागले तेव्हा कॅलिफोर्नियात त्याविरुद्ध तातडीने कायदा झाला. त्यावर सही करणारे राज्यपाल होते रोनाल्ड रेगन. आणि जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात एका काळ्या माणसाने, आपल्याजवळ परवान्याचे पिस्तूल आहे असे पोलिसाला सभ्यपणे सांगितले. पुढच्या काही क्षणांत पोलिसाने त्याला मोटारीतच गोळ्या घालून ठार केले. एका शाळेच्या भोजनगृहात तो काम करीत असे. अंमलबजावणी करणाऱ्याला ज्याचा चेहरा पटेल त्यालाच मिळणारा हक्क, हा हक्क नसून मेहेरबानी असते. माझा भाचाही त्या देशात सावळाच आहे, हे त्याने विसरू नये.

माँटगमरीत पुढे काय झाले ते मात्र सांगितले पाहिजे. त्या वर्षी किंग यांच्या घरी बेयार्ड रस्टिन आले. रस्टिन शांततावादी, समाजवाद्यांच्या वर्तुळातले, १९४८ साली भारतात येऊन गेलेले. त्यांच्यासोबतचा पत्रकार दिवाणखान्यातील खुर्चीवर बसणार इतक्यात रस्टिन यांनी त्याला अडवले; खुर्चीत पिस्तूल पडलेले होते. रस्टिन आणि ग्लेन स्मायली यांच्याशी झालेल्या दीर्घ चर्चेनंतर किंग यांनी घरातील शस्त्रे काढून टाकली. का? ते एकाएकी संत झाले म्हणून नव्हे. बसवर बहिष्कार घालणाऱ्या हजारो माणसांची चळवळ उभी राहिली होती आणि तिचे बळ त्या खुर्चीतल्या पिस्तुलापेक्षा मोठे आहे, हे त्यांना उमगले म्हणून. जोन्सबरोचे कामगार आणि माँटगमरीचे बहिष्कारी यांच्या मार्गांत अंतर आहे. पण दोन्हीकडे माणसे एकत्र उभी होती. खिशातले पिस्तूल हे एकट्या माणसाचे शस्त्र आहे. ते लपवायचे असते, म्हणून त्याबद्दल शेजाऱ्याशी बोलायचेही नसते. संघटनेच्या नेमके उलट टोक ते.

आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी या विषयावर परक्यासारखे बोलावे, असा आपला इतिहास नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी पुण्याहून गेलेल्या माणसाने बिर्ला भवनात ज्या हत्याराने तीन गोळ्या झाडल्या, ते बेरेटा कंपनीचे १९३४ च्या नमुन्याचे, कपड्यांत सहज लपणारे लहान पिस्तूल होते. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्यास गांधीजींनी नकार दिला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी, शस्त्र बाळगण्याचा नियमबद्ध हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी सुधारणा मांडली. कामत पुढे प्रजासमाजवादी पक्षाचे खासदार झाले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यांची भूमिका उथळ नव्हती. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी जनतेला निःशस्त्र केल्याची चीड तीमागे होती आणि १९३१ च्या कराची ठरावाचा आधार तिला होता. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि समितीने ती फेटाळली. आज मागे वळून पाहता आपल्या घटनाकारांनी केवढे संकट टाळले, याची खात्री पटते.

पण हक्क नाकारला म्हणून हव्यास संपत नाही. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी 'निर्भीक' नावाचे सुमारे अर्धा किलोचे रिव्हॉल्व्हर काढले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. रात्रीची बस चुकलेली मोलकरीण, उसाच्या फडात राहुटी ठोकणारी बाई यांच्या निर्भयतेचा भाव सरकारी कारखान्याने हा असा ठरवला! बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाचा अमानुष खून झाला. त्यानंतर शस्त्रपरवान्यांची मोजदाद झाली तेव्हा एकट्या त्या जिल्ह्यात ते बाराशेहून अधिक निघाले. एवढी शस्त्रे जिल्ह्यात असून सरपंचाचे रक्षण झाले नाही. ती शस्त्रे त्यासाठी नव्हतीच. आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात सकाळी फिरून परतताना कॉ. गोविंद पानसरे मारले गेले. दाभोलकरांनी पोलीस संरक्षणही नाकारले होते. त्यांच्या खिशात पिस्तूल असते तर ते वाचले असते, असे मला वाटत नाही. मोटारसायकलवरून येऊन जवळून गोळ्या घालणाऱ्यापुढे खिशातले पिस्तूल खिशातच राहते. जे वाचवू शकले असते ते म्हणजे धमक्यांचा वेळीच छडा लावणारे शासन. ते नव्हते. म्हणून ते मागणे हेच आपले काम आहे.

आता भाच्याला काय लिहिले ते सांगतो.

मी लिहिले : तू चार पिस्तुलांतून एक निवडायला बसला आहेस, पण तुझ्यापुढे ही चारच का ठेवली गेली, याचा विचार कर. रात्री आठनंतर दुकानात दोनच माणसे असावीत, हे कुणी निवडले? तुला विचारून निवडले का? फ्लॉरिडाने १९८७ साली प्रत्येकाला पिस्तुलाचा परवाना देऊ केला, हे मी वर सांगितले. त्याच राज्यातील गेन्सव्हिल शहराने त्याच सुमारास दुसराच नियम केला होता : रात्री उघड्या राहणाऱ्या किराणा-दुकानांत दोन नोकर असलेच पाहिजेत, गल्ल्यात थोडीच रोकड असावी, बाहेरून गल्ला दिसावा, दिवे आणि कॅमेरे असावेत. त्यानंतर तेथील दुकानांवरचे दरोडे घटले. श्रेय कशाला किती, यावर अभ्यासक वाद घालतात. पण पुढे राज्याने त्यातील बरेचसे नियम आपल्या कायद्यात घेतले. एकाच राज्यात, एकाच काळात, एकाच भीतीला दिलेली ही दोन उत्तरे आहेत. एकाचा खर्च मालकाने करायचा होता, दुसऱ्याचा नोकराने आपल्या खिशातून. देशभर कोणते उत्तर पसरले, ते तू पाहतोच आहेस.

मी पुढे लिहिले : २०२३ च्या सप्टेंबरात कॅन्सस सिटीच्या परिसरात एका मोठ्या साखळीतील औषधविक्रेत्यांनी अपुऱ्या माणसांच्या निषेधार्थ काम बंद ठेवले. त्यांना आधी कुठली संघटना नव्हती. तुमच्या दुकानात आणि आसपासच्या शाखांत रात्रपाळी करणारे किती जण आहेत, त्यांची यादी कर. गुंगीची औषधे वेळ लागल्याशिवाय न उघडणाऱ्या तिजोरीत ठेवावीत, आठनंतर तिसरा माणूस द्यावा किंवा दुकान दहाला बंद करावे, या मागण्या लिहा आणि सर्वांनी मिळून सह्या करा. त्या गल्ल्यावरच्या मुलीला विसरू नकोस. तिचा पगार तुझ्याहून कमी आणि धोका तुझ्याहून जास्त आहे. तिला कुणी पिस्तुलाचा तक्ता पाठवलेला नाही.

शेवटी एक परिच्छेद मी खोडला, पुन्हा लिहिला आणि ठेवला. इतके सांगूनही तू पिस्तूल घेतलेस, तर मी तुझ्याशी बोलणे टाकणार नाही. पण मग सर्वांत लहान म्हणून सर्वांत सोयीचे, असे समजून घेऊ नकोस. शिकल्याशिवाय हातात धरू नकोस. घरात ते मुलांपासून कुलपात ठेव, गोळ्या वेगळ्या ठेव. आणि झोप न येण्याचे दिवस वाढू लागले, मन काळवंडले, तर त्याच दिवशी ते घराबाहेर काढ. विश्वासू मित्राजवळ दे आणि डॉक्टरकडे जा. तो धोका दरोडेखोरापेक्षा मोठा आहे.

त्याचे उत्तर परवा आले. पिस्तूल अजून घेतलेले नाही, घेणार नाही असेही त्याने लिहिलेले नाही. मात्र रात्रपाळीच्या सात जणांची यादी झाली आहे आणि पाच सह्या मिळाल्या आहेत. गल्ल्यावरच्या मुलीची सही पहिली आहे. उरलेले दोघे नोकरी जाईल म्हणून भितात. तीही भीती खरीच आहे. आणि तिच्यावर तर कोणतेच पिस्तूल चालत नाही.